काळाला दिशा येते कुठून?

नमस्कार. उदबत्तीचा धूर खोलीभर पसरतो, पण पसरलेला धूर पुन्हा काडीच्या टोकाशी गोळा झालेला कुणी पाहिलेला नाही. 1872 साली ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन यांनी वायूतील रेणूंच्या टकरींचा हिशेब मांडला आणि एन्ट्रॉपी, म्हणजे ढोबळपणे विस्कळीतपणा, वाढतच जाते असा निष्कर्ष काढला. काळाची दिशा गतिनियमांतूनच हाती आली, असे तेव्हा वाटले.

1876 साली त्यांचे ज्येष्ठ स्नेही योहान लोश्मिट यांनी शंका काढली. एखाद्या क्षणी प्रत्येक रेणूचा वेग नेमका उलटा केला, तर एकही नियम न मोडता सगळा धूर आल्या वाटेने परत जाईल. मग ज्या नियमांना मागचे-पुढचे कळतच नाही, त्यांतून एकमार्गी निष्कर्ष निघाला कसा?

शंका बिनतोड होती. 1877 साली बोल्ट्झमन यांनी उत्तर दिले ते शक्यतेच्या भाषेत. पेटीत केवळ 100 रेणू असले, तरी ते सगळे एकाच वेळी डाव्या अर्ध्यात सापडण्याची शक्यता 2 च्या 100 व्या घातात एक, म्हणजे एकावर 30 शून्ये देऊन होणाऱ्या संख्येपेक्षाही मोठ्या संख्येत एक इतकी असते. धूर परतणे अशक्य नाही, पण त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पुष्कळदा विवेचन इथेच संपते आणि खरी अडचण नजरेआड राहते.

ती अशी, की हेच गणित भूतकाळालाही लागू पडते. आत्ता अर्धवट पसरलेला धूर तासाभराने अधिक पसरलेला असेल, हे ठीक. पण त्याच न्यायाने तो तासाभरापूर्वीही अधिक पसरलेला असायला हवा, आणि उदबत्ती तर आपणच लावलेली असते! यातून सुटायचे, तर विश्वाची सुरुवातच अत्यंत कमी एन्ट्रॉपीने झाली असे मानावे लागते. तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्ट याला भूतकाळाचे गृहीतक म्हणतात. थोडक्यात, दिशा नियमांत नसून आरंभाच्या स्थितीत आहे, आणि तो आरंभ तसा का होता, याचे उत्तर शक्यतेच्या गणितात नाही. (के-मेसॉन नावाच्या सूक्ष्म कणांच्या बाबतीत नियमांचे हे मागे-पुढे सारखेच असणे किंचित मोडते, पण धुराचा त्याच्याशी संबंध नाही.)

विश्वाच्या आरंभाऐवजी त्याच्या भविष्याकडे पाहणारेही होते. 1960 च्या दशकात केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर यांनी विद्युतचुंबकीय लहरींचा प्रश्न घेतला. समीकरणांना उगमानंतर पोहोचणारी लहर जितकी मान्य, तितकीच उगमाआधी पोहोचणारीही. भविष्यातले विश्व सगळ्या लहरी शोषून घेत असेल तरच फक्त उगमानंतरची लहर उरण्याचा हिशेब जुळतो, आणि तो त्यांच्या स्थिर स्थितीच्या, म्हणजे आरंभ नसलेल्या आणि सदैव सारख्याच दिसणाऱ्या, विश्वात जुळत होता, महास्फोटाच्या नेहमीच्या प्रतिमानांत नव्हे. 1965 साली वैश्विक पार्श्वप्रारणाचा, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या आणि सगळ्या दिशांनी येणाऱ्या मंद प्रारणाचा, शोध जाहीर झाला आणि स्थिर स्थितीचा सिद्धांत मागे पडला; मात्र आकाशवाणीची बातमी प्रसारणाच्या आधीच आपल्या रेडिओवर का ऐकू येत नाही, हा प्रश्न त्याच्याबरोबर गेला नाही.