साराभाई विवर

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्यातल्या जुन्या मंडळींसमोर ‘साराभाई’ हे नाव उच्चारले, तर बहुतेकांना प्रथम आठवतो तो गेंडा सर्कलजवळचा औषधांचा कारखाना. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांनाही हे नाव परके नाही. त्या कारखान्याची सूत्रे १९५० नंतर ज्यांच्या हाती होती, त्या विक्रम साराभाईंचे, म्हणजे भारतीय अवकाश कार्यक्रमाच्या जनकाचे, नाव चंद्रावरच्या एका विवरालाही दिलेले आहे. आज मी बोलणार आहे ते या विवराविषयी आणि त्याच्या नावामागच्या माणसाविषयी.

चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूवर, उत्तरेकडे, एक वाटोळा काळसर डाग आहे. रिच्चोली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १६५१ साली प्रसिद्ध केलेल्या नकाशात त्याला लॅटिन भाषेत ‘मारे सेरेनितातिस’, म्हणजे निरभ्र शांततेचा सागर, असे नाव दिले. त्या सागरात पाण्याचा थेंबही नाही. अब्जावधी वर्षांपूर्वी वर आलेला लाव्हा एका प्रचंड खोलगट भागात पसरून थिजला, त्याचे हे मैदान आहे. या मैदानावर बेसेल नावाचे सुमारे १६ किलोमीटर व्यासाचे विवर असून त्याच्या ईशान्येला साराभाई विवर आहे. त्याचा व्यास साधारण ८ किलोमीटर, म्हणजे आपल्या फतेगंजपासून मकरपुऱ्यापर्यंत जेवढे अंतर आहे, जवळजवळ तेवढा. खोली मात्र थक्क करणारी आहे. उंचावलेल्या काठापासून मोजली तर ती सुमारे १.७ किलोमीटर भरते. एका पावागडावर दुसरा पावागड रचून या विवरात ठेवला, तरी वरच्या गडाचा माथा काठाच्या थोडा खालीच राहील.

व्यासाच्या मानाने ही खोली सुमारे एकपंचमांश येते, आणि चंद्रावरच्या लहान, फारशा न झिजलेल्या विवरांत हेच प्रमाण आढळते. काही शे मीटरांचा एखादा पाषाण सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आदळला, की क्षणार्धात वाटीसारखा खड्डा तयार होतो आणि बाहेर उडालेल्या दगडमातीचा काठ त्याच्याभोवती उभा राहतो. विवर मोठे असेल तर त्याचे काठ स्वतःच्या भाराने आत ढासळतात आणि तळ सपाट होतो; शेजारच्या बेसेलच्या बाबतीत तसे काहीसे झालेले दिसते. साराभाई विवर लहान असल्यामुळे त्याची वाटी शाबूत राहिली. त्याच्या भिंतींचा उतार २५ ते ३५ अंशांचा आहे. सुट्या दगडमातीचा ढीग घसरू न देता जेवढा तिरपा उभा राहू शकतो, तेवढाच हा उतार आहे.

१९७३ पर्यंत या विवराला स्वतःचे नाव नव्हते. मोठ्या विवराच्या आसपासच्या लहान विवरांना त्याच मोठ्याचे नाव आणि पुढे एक रोमन अक्षर जोडण्याची प्रथा आहे. त्यानुसार हे ‘बेसेल ए’ होते, जणू बेसेलच्या आश्रयाला राहिलेले. बेसेल म्हणजे १८३८ साली एका ताऱ्याचे अंतर मोजून दाखवणारा जर्मन खगोलशास्त्रज्ञ. तेव्हा हा शेजार काही कमी प्रतिष्ठेचा नव्हता. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९७३ साली त्याचे नामकरण केले, तेव्हा ३० डिसेंबर १९७१ रोजी केरळातील कोवळम येथे झालेल्या साराभाईंच्या निधनाला जेमतेम दोन वर्षे होत होती. आजच्या नियमाप्रमाणे मृत्यूनंतर किमान तीन वर्षे थांबावे लागते.

अहमदाबादेत १२ ऑगस्ट १९१९ रोजी जन्मलेल्या साराभाईंचा मूळ विषय विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणारे अतिवेगवान सूक्ष्म कण, हा होता. बंगळुरूला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या देखरेखीखाली त्यांनी त्यावर काम केले, १९४७ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. बडोद्यातही ते केवळ गिरणीमालकाचे चिरंजीव म्हणून वावरले नाहीत. ‘ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप’ ही बाजारपेठेची शास्त्रीय पाहणी करणारी संस्था त्यांनी इथेच उभी केली. कोणते औषध कुठे किती खपते हे अंदाजाने न सांगता मोजून सांगावे, ही दृष्टी आणि विश्वकिरण मोजण्याची दृष्टी मला तरी एकच वाटते.

केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले अग्निबाण उड्डाण झाले, ते पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावरील, म्हणजे टांगलेली चुंबकसूची जिथे जमिनीला समांतर राहते त्या रेषेवरील, वरच्या वातावरणाचा अभ्यास करण्यासाठी. ती जागा शोधण्यात त्यांचे मराठी सहकारी एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. वसंत गोवारीकरही पुढे साराभाईंच्याच बोलावण्यावरून इंग्लंड सोडून थुंब्याला आले. चंद्र, ग्रह किंवा समानव उड्डाण यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आपण बाळगत नाही, असे साराभाई त्या काळात स्पष्टपणे सांगत. अवकाशविज्ञान त्यांना हवे होते ते दूरसंचार, हवामान आणि खेड्यांतील शिक्षण यांसाठी. त्यांच्या पश्चात, १९७५-७६ मध्ये, उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली, ती त्यांच्याच आखणीतून.

चंद्राच्या शर्यतीत उतरायचे नाही असे म्हणणाऱ्या माणसाचे नाव चंद्रावर कोरले जावे, यात थोडी गंमत आहे. ती पुढे आणखी वाढली. ‘चांद्रयान-२’चा ‘विक्रम’ हा अवतरक, म्हणजे चंद्रावर उतरण्यासाठीचा भाग, सप्टेंबर २०१९ मध्ये कोसळला, पण यानाचा चंद्राभोवती फिरणारा भाग काम करीत राहिला आणि साराभाईंच्या जन्मशताब्दी वर्षाच्या अखेरीस, २०२० च्या ऑगस्टमध्ये, त्याने टिपलेली साराभाई विवराची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. खोलीचे आणि उताराचे जे आकडे मी सांगितले, ते त्याच छायाचित्रांवरून काढलेले आहेत. पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’चा दुसरा ‘विक्रम’ दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात सुखरूप उतरला. परिणामी आज चंद्राच्या दक्षिणेला विक्रम आहे आणि उत्तरेला साराभाई, आणि या नाव-आडनावात २,८०० किलोमीटरांहून अधिक अंतर आहे.

हे विवर नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. शुक्ल षष्ठीच्या सुमारास त्या भागात सूर्य नुकताच उगवलेला असतो आणि सावल्या लांब पडतात. त्या संध्याकाळी गच्चीवर तीन-चार इंची दुर्बीण लावून उजेड-अंधाराच्या सीमेवर आधी बेसेल शोधावा. हवा स्थिर असेल, तर त्याच्या ईशान्येला, एका कडेला उजळलेला आणि बाकी काळोखाने भरलेला, एक बारीक ठिपका दिसेल.

नमस्कार.