अंगावरनं वारं गेलं

(दृश्य: पहाट, कोल्हापुरातल्या गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशीची धार, पेल्यात चढणारा फेस.)

इथंच माझ्या आजोबांच्या उजव्या हातातनं दुधाचा पेला निसटला. उचलायला वाकले, तर पायानंही दगा दिला. तोंड डावीकडं ओढलं गेलेलं. भोवतीची माणसं म्हणाली, "म्हाताऱ्याच्या अंगावरनं वारं गेलं."

रिक्षातनं घरी आणलं. दारं-खिडक्या लावल्या, घोंगडं पांघरलं, कोमट तेलानं हात चोळत बसलो. वारंच ते, आणखी आत यायला नको. दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळला होता.

शब्द जुना आहे. आयुर्वेदात हा वाताचा विकार, पक्षाघात: शरीराच्या एका बाजूवरचा आघात. अर्धांगवायूतही तोच वायू, आमच्या बोलीत त्याचं वारं झालं. लुळं पडलेलं अंग या शब्दांनी नेमकं टिपलं. पण बिघाड त्या अंगात नसतो. डॉक्टर ज्याला स्ट्रोक म्हणतात तो मेंदूत होतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर वाहिनीच फुटते. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते आणि बहुतेकांची भाषाही तिथंच असते. म्हणून उजव्या हाताबरोबर पुष्कळदा वाचाही जाते. त्याला म्हणतात अफेजिया, वाचाघात. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी तपासलेला एक रुग्ण जवळजवळ 'तां' एवढंच बोलायचा.

आजोबांजवळ 'व्हय' उरलं होतं. पाणी पाहिजे, व्हय. नको, तरी व्हय. आणि आम्हाला उमगलं नाही की डाव्या हातानं गादीवर थापट्या मारायचे. आमचं बोलणं त्यांना कळत होतं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आधी सीटी स्कॅन लागतो, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच औषध जिवावर बेततं. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब मांडला गेलाय.

'वारं' हा शब्द टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. आमच्या आजीला स्ट्रोक कळला नसता, वारं तत्काळ कळलं. तोंड वाकडं झालं, हात वर उचलेना, बोबडी वळली, तर खुशाल म्हणा वारं गेलं. फक्त दारं लावत बसू नका, 108 ला फोन लावा.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटचे धडधाकट कधी होते?"

"पहाटं. दूध प्यायला गेले तेव्हा."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.