चक्राला पंचविसावी आरी कधी?

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागून बटाटेवड्यांचा वास सुटलाय. तेव्हा तुमचं लक्ष कुठे आहे ते मला कळतंय. तरी ऐका.

आपल्या रविवारच्या मराठी शाळेत धाकटा गट माझ्याकडे असतो. पंधरा ऑगस्ट आला की दरवर्षी मी तिरंगा रंगवायला देते. केशरी त्याग, पांढरा शांती, हिरवा समृद्धी, मधे चक्र, आऱ्या चोवीस. हा धडा मी झोपेतही घेऊ शकते, आणि मुलंही तो झोपेतच ऐकतात. यंदा मात्र एका सात वर्षांच्या मुलीने हात वर केला. "काकू, तेलंगण नवीन झालं ना? मग एक आरी वाढवली का?"

हसताय काय! तिचं बरोबर आहे. इथल्या अमेरिकन शाळेत ती झेंड्याबद्दल तेच शिकली आहे. तेरा वसाहतींचे तेरा पट्टे, जितकी राज्यं तितके तारे. हवाई आलं आणि 4 जुलै 1960 ला पन्नासावा तारा लागला. त्याच वर्षी, दोनच महिने आधी, 1 मे ला आपला महाराष्ट्र झाला. चक्र मात्र होतं तसंच. मी हे सांगेपर्यंत तिचा पुढचा प्रश्न तयार: "म्हणजे आपला झेंडा कधीच बदलला नाही?" तेवढ्यात आईबाप न्यायला आले आणि मी सुटले.

सुटले कसली! घरी येऊनही डोक्यात तेच.

आपल्यापैकी बहुतेकांनी पाहुण्यांना फिलाडेल्फियाला नेलंच आहे. लिबर्टी बेल बघायची आणि मग आर्च स्ट्रीटवर बेट्सी रॉसचं घर. पहिला अमेरिकन झेंडा तिने शिवला असं म्हणतात. जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः तिच्या दुकानात आले, त्यांना सहा टोकांचा तारा हवा होता, बाईंनी कागदाची घडी घातली आणि एका कात्रीत पाच टोकांचा कापून दाखवला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण ती पहिल्यांदा चारचौघांत सांगितली तिच्या नातवाने, 1870 मध्ये, आणि त्या काळचा कागद काही सापडत नाही. बाई झेंडे शिवायच्या हे खरं, त्याची नोंद आहे. झेंड्याचं चित्र मी आखलं, असा दावा त्याच काळात केला होता फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी. मोबदला म्हणून सरकारी वाइन मागितली! मिळाली नाही. हे काम काही तुमच्या एकट्याचं नाही, असं उत्तर आलं. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत हा ठराव सहज बसला असता.

आता आपल्याकडे या. तिरंगा कुणाचा, असं शेजारच्या तेलुगू वहिनींना विचारलं तर त्या म्हणणार, आमच्या पिंगली वेंकय्यांचा, विषय संपला. आमच्या घरी सहा महिन्यांसाठी आलेले सासरे पक्के पुणेकर. ते म्हणणार, आधी केसरीवाडा बघा. क्रांतिकारक मादाम कामांनी 1907 मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला फडकवलेला झेंडा तिथे जपून ठेवलाय. वर हिरवा पट्टा, त्यात कमळं. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्'. खाली सूर्य आणि चंद्र. नुकती जोडाक्षरं शिकणाऱ्या आपल्या मुलांना तो झेंडा वाचता येतो! मी त्याचा फोटो वर्गात दाखवला, तर एकाने पाय मोडका 'म्' ओळखला आणि मला कोण आनंद झाला.

पुढे 1917 मध्ये अ‍ॅनी बेझंटबाई आणि टिळकांच्या होमरूल चळवळीचा झेंडा. त्यात सप्तर्षी आणि कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. मग 1921 मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, वेंकय्यांनी गांधीजींना लाल-हिरवा झेंडा दाखवला. जालंधरच्या लाला हंसराजांनी चरखा सुचवला, गांधीजींनी पांढरा पट्टा मागितला. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा. त्यावरून कुरबुरी सुरू झाल्या. आमचा रंग कुठे, असं शीख विचारू लागले. 1931 मध्ये काँग्रेसने समिती नेमली, तीत आपले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. हर्डीकर. समितीने सुचवला सबंध केशरी झेंडा! तो नामंजूर झाला, तिरंगा राहिला, लाल रंगाचा केशरी झाला, आणि रंगांचा धर्माशी संबंध नाही असं स्पष्ट सांगितलं गेलं. 22 जुलै 1947 ला घटना समितीत चरख्याच्या जागी चक्र आलं. त्या दिवशी राधाकृष्णन यांनी हिरव्याचा अर्थ सांगितला तो माती आणि झाडाझुडपांशी असलेल्या आपल्या नात्याचा. आपल्या 'समृद्धी'पेक्षा हे लहान मुलाला किती लवकर कळेल!

थोडक्यात, बदलला. पुष्कळ वेळा बदलला, भांडून बदलला. मला वाटतं मुलांना हेच सांगावं. तयार झेंडा रंगवायला देण्यापेक्षा हे सगळे झेंडे कागदाचे करून ओळीने भिंतीवर लावावेत. चक्र मात्र मुलांनीच काढावं, कारण मी काढलं की आऱ्या कधी बावीस भरतात, कधी सव्वीस.

आता थोडं रागावते. पंधरा ऑगस्टची आपली परेड आपण सोयीच्या रविवारी घेतो, ठीक आहे. पण ती संपल्यावर पार्किंगमध्ये पॉलिएस्टरचे झेंडे पायदळी पडलेले असतात आणि ते गोळा करणारे चारच जण, तेही दरवर्षी तेच. आपण सगळे खडूने बूट पांढरे करून प्रभातफेरीला गेलेली माणसं. पीटीच्या सरांची दोरीची गाठ ऐन वेळी सुटायची नाही, तरी आपण हललो नाही. आणि आपल्या मुलांनी खादीचा झेंडा हातात घेऊन पाहिलेलाही नाही. धारवाडजवळच्या गरगला त्याचं कापड विणतात, हुबळीला तो शिवतात. सुट्टीत गावी जाताना एखाद्याने घेऊन या की. बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी मावेल.

पण खरी अडचण वेगळीच आहे. परवा जेवताना मी हा बेत घरी सांगितला आणि पानावरच जुंपली. आमचे हे म्हणाले, सगळं सांग, मुलं मूर्ख नसतात. सासरे म्हणाले, "सात वर्षांच्या पोरांना लाल कुणाचा, हिरवा कुणाचा हे सांगणार? दहा वर्षं झगडून लोकांनी जे पुसलं, ते तू पुन्हा खडूने लिहिणार?" आमटी गार झाली. दोघांचंही मला पटलं, हा माझा जुना आजार.

वर्गात मिरजेकडच्या एका मुसलमान कुटुंबातली मुलगी आहे. तिचं मराठी माझ्या मुलापेक्षा चांगलं आहे. 1921 चा झेंडा भिंतीवर लावला की कुणीतरी तिच्याकडे बघून म्हणणार, हा तुझा पट्टा. आणि तो झेंडा वगळला, तर 1931 मध्ये काय ठरलं आणि का ठरलं, ते सांगताच येत नाही. तिच्या आईला आधी विचारावं, तर तिला एकटीलाच का विचारायचं, हेही मनात येतं. पुढचा वर्ग रविवारी आहे. तुमच्यापैकी कुणी आपल्या मुलांना हे सांगितलं असेल, तर जेवणाच्या रांगेत मला गाठा. वडे थांबणार नाहीत.