माग उंबऱ्यापर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

टेलिफोन एक्स्चेंजची स्विचरूम तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. मी १९८१ साली तंत्रज्ञ म्हणून नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या गावात स्ट्रोजर पद्धतीचं एक्स्चेंज होतं. डोक्याच्या वर जाणारे लोखंडी रॅक आणि त्यांवर ओळीनं बसवलेले सिलेक्टर. गावात कुणी तबकडीवर पाच फिरवला की इकडे एक सिलेक्टर खट खट करत पाच पायऱ्या वर चढायचा. सकाळी दहाला बाजार उघडला की त्या खोलीत शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागे.

माग काढणं मी तिथे शिकलो. एखाद्या घरी रात्री-बेरात्री घाणेरडे फोन यायचे. तक्रार व्हायची, वरून लेखी हुकूम यायचा आणि रात्रपाळीला आम्ही दोघं दबा धरून बसायचो. त्या घरचा फोन वाजला की शेवटच्या सिलेक्टरपासून उलटं निघायचं. एकानं बॅटरी धरायची, दुसऱ्यानं वायरीवरून बोट फिरवत मागच्या रॅककडे जायचं, तिथून त्याच्या मागच्या. सगळं नीट जमलं तर शेवटी एक नंबर हाती लागायचा. पण तिकडच्यानं मध्येच रिसीव्हर ठेवला की सगळे सिलेक्टर खाडकन जागेवर यायचे आणि माग पुसला जायचा. म्हणून घरातल्या बाईंना आधीच सांगून ठेवलेलं असे, ‘काहीही बोलला तरी फोन ठेवू नका, त्याला बोलतं ठेवा.’ आमचं काम व्हावं म्हणून त्या माउलीनं पाच-पाच मिनिटं ते सगळं ऐकून घ्यायचं. आता आठवलं की कसंसंच होतं.

एकदा असा नंबर मिळाला, तो निघाला किराणा दुकानाचा. आता रात्री अकरा वाजता दुकानातला फोन कोण उचलत होतं? मालक? त्याचा मुलगा? की गल्ल्यापाशी पथारी टाकून झोपणारा नोकर? रॅकनं मला दुकानापर्यंत आणून सोडलं होतं. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं.

चाळीस वर्षांत यंत्रं पार बदलली. स्ट्रोजर भंगारात गेलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं, मग मोबाइल आले. पण त्या दुकानाच्या उंबऱ्यावर मी जिथे अडलो होतो, तिथेच आजचा तपाससुद्धा येऊन थांबतो. आज मला त्या उंबऱ्याबद्दलच बोलायचंय.

आधी मोबाइलचं सांगतो, कारण त्याबद्दल लोकांच्या मनात फार गमतीच्या कल्पना असतात. ‘पोलिसांनी सीडीआर काढला’ असं आपण पेपरात वाचतो, आणि पुष्कळांना वाटतं की त्यात आपलं बोलणं रेकॉर्ड झालेलं असतं. तसं काही नसतं. सीडीआर म्हणजे निव्वळ तक्ता. कुणी कुणाला फोन केला, किती वाजता, किती सेकंद, फोन सुरू होताना कुठल्या टॉवरवर होता, संपताना कुठल्या, आणि सिम कुठल्या हँडसेटमध्ये होतं. बस. व्हॉट्सअ‍ॅपवरून केलेला कॉल त्यात येतच नाही. तो इंटरनेटच्या वेगळ्या नोंदीत जातो, आणि तिथेही एवढंच दिसतं की या फोननं अमुक वेळी अमुक सर्व्हरशी संपर्क ठेवला होता. हे तक्ते कंपन्यांनी पूर्वी वर्षभर जपायचे असत. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनं ती मुदत दोन वर्षं केली.

हँडसेटची ओळख म्हणजे आयएमईआय. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून बघा, पंधरा आकडे येतील. चोर सिम फेकतो, पण फोन फेकायला त्याचा जीव होत नाही. नवीन सिम घातलं की तक्त्यात तोच आयएमईआय पुन्हा उगवतो. यातली एक गंमत माहीतगारच सांगतात. तक्त्यात पंधरावा आकडा बहुतेक वेळा शून्य दिसतो, कारण तो बाकीचे चौदा बरोबर आहेत ना, हे पडताळण्यापुरता आकडा असतो आणि हँडसेट नेटवर्कला तो कळवतच नाही. नवा माणूस खोक्यावरचा नंबर आणि तक्त्यातला नंबर शेजारी ठेवतो आणि म्हणतो, ‘साहेब, जुळत नाही.’ चौदाच आकडे जुळवायचे असतात, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

आता टॉवर. ‘लोकेशन काढलं’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे नकाशावरचा लाल ठिपका येतो. फोनमधल्या जीपीएसचा ठिपका खरंच तसा असतो. पण तक्त्यातलं लोकेशन म्हणजे टॉवरचं नाव आणि त्याची दिशा. एका टॉवरवर साधारण तीन बाजूंना तोंड केलेले अँटेना असतात. एकेकाच्या वाट्याला वर्तुळाचा तिसरा हिस्सा, भाकरीचे तीन तुकडे करावेत तसा. दादरसारख्या ठिकाणी तो तुकडा दोन-चार गल्ल्यांचा असेल. माळरानावर तोच काही किलोमीटर लांब पसरतो. जुन्या जीएसएम पद्धतीत तर ३५ किलोमीटरपर्यंतचा फोन टॉवरला पकडता येतो. महाबळेश्वरच्या एखाद्या कड्यावर उभे राहा, दरीपलीकडे खाली कोकणातल्या टॉवरशी तुमच्या फोनचं सूत जुळू शकतं. तुम्ही घाटमाथ्यावर आणि तक्ता म्हणतो, पायथ्याला. शिवाय जवळचा टॉवर भरलेला असला की फोन दूरच्याकडे ढकलला जातो. जत्रेत, गणपतीत हे नेहमीचंच.

दरोडा पडला, संशयित कोण तेच माहीत नाही, अशा वेळी ‘डंप डेटा’ मागवतात. म्हणजे त्या वेळी त्या टॉवरखाली असलेले सगळे नंबर. शहरात हे हजारोंनी येतात. मग दोन घटनांच्या याद्या एकमेकींवर ठेवायच्या आणि दोन्हींत कोण आहे ते बघायचं. युक्ती चांगली आहे, तिनं गुन्हे उघडकीला आलेत. पण अशा यादीत दोन्हीकडे सापडणारा पहिला माणूस बहुधा त्या रस्त्यावरून रोज जाणारा एसटीचा ड्रायव्हर किंवा दूधवाला असतो.

आणि तक्ताच चुकीचा असला तर? डेन्मार्कमध्ये २०१९ साली असंच उघडकीला आलं. टेलिफोन कंपन्यांकडची कच्ची माहिती पोलिसांना वाचता यावी म्हणून ज्या प्रणालीतून जायची, तीच काही नोंदी गाळत होती. काही ठिकाणी फोन भलत्याच टॉवरवर दिसत होता. दहा हजारांवर खटले पुन्हा तपासायला घेतले. दोन महिने कोर्टात मोबाइलचा पुरावा वापरणं थांबवलं. काही कैदी सोडून द्यावे लागले.

इंटरनेटचा माग याहून नाजूक. तिथे नंबरच्या जागी आयपी पत्ता असतो, आणि तो पत्ता तुमच्या मालकीचा नसतो. धर्मशाळेतली खोली म्हणा. आज तुम्ही, उद्या दुसरा. मोबाइलवर तर एकाच पत्त्यावर एका वेळी कितीतरी माणसं कोंबलेली असतात. त्यांच्यातून एक निवडायचा तर पत्त्याबरोबर पोर्ट नंबर, म्हणजे त्या पत्त्यावरच्या एकेका जोडणीचा क्रमांक, लागतो आणि वेळ लागते, सेकंदापर्यंतची. वेळ चुकली की माणूस चुकला.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. पोलिसांची पत्रं माझ्या टेबलावर यायची आणि आयपीवरून ग्राहक शोधून उत्तराचा मसुदा मी करायचो. धमकीच्या ईमेलचं एक प्रकरण होतं. पत्रात पत्ता दिला होता, तारीख दिली होती आणि वेळ दिली होती २०:१५. मी नोंद काढली. रात्री सव्वाआठला तो पत्ता एका निवृत्त शिक्षकांच्या घरच्या मोडेमकडे होता. नाव, घर नंबर, गल्ली, सगळं टाइप केलं, प्रिंट काढली आणि सहीसाठी आमच्या मॅडमच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, ‘वेळ कुठली धरलीत?’

मी म्हटलं, ‘पत्रातली.’

‘ते कळलं. कुठल्या देशातली?’

ईमेलवरची वेळ ग्रीनिचची होती. आपल्याकडे साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे मेल गेलं होतं दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेदोनला. तोवर सरांनी मोडेम बंद केलं होतं, पत्ता मोकळा झाला होता आणि स्टँडजवळच्या एका लॉजच्या लाइनला मिळाला होता. मॅडमनी तो कागद उभा-आडवा फाडला आणि टोपलीत टाकला. माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर थोड्याच काळात पुण्याचं प्रकरण झालं, २००७ सालचं. ऑर्कुट नावाचं संकेतस्थळ तेव्हा जोरात होतं. त्यावर कुणीतरी शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी गुगलकडून आयपी पत्ता मिळवला, तो पत्ता कुणाचा ते इंटरनेट कंपनीला विचारलं. कंपनीनं बंगळूरच्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरचं नाव दिलं. ऑगस्टच्या अखेरीला त्याला घरातून उचलून पुण्यात आणलं. पन्नास दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. मग निष्पन्न झालं की तो पत्ता त्याचा नव्हताच. कंपनीनं चुकीच्या ग्राहकाचं नाव दिलं होतं. पेपरात हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आमच्या मॅडमसारखं विचारणारं त्या साखळीत कुणी नव्हतं, किंवा असलं तर त्या दिवशी रजेवर होतं.

पुढच्या वर्षी तर पत्ता बरोबर होता, नाव बरोबर होतं, तरीही माणूस चुकीचा होता. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना जबाबदारी घेणारं ईमेल गेलं होतं. माग नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन गृहस्थाच्या फ्लॅटवर पोचला. त्याच्या वाय-फायला कुलूपच नव्हतं. कुणीतरी त्याच्याच हवेतून मेल पाठवून निघून गेलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत असंच एक मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून गेलं, आणि एक चेंबूरच्या एका कंपनीच्या. नंतर मुंबई पोलीसच उघडी वाय-फाय शोधत फिरू लागले आणि दूरसंचार खात्यानं पासवर्डाची सक्ती केली. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. अतिरेक्यांना पाकिस्तानातून सूचना देणाऱ्यांचे फोन ऑस्ट्रियातल्या नंबरावरून आल्यासारखे दिसत होते. ते नंबर अमेरिकेतल्या एका इंटरनेट-फोन कंपनीकडून घेतलेले होते. माग पुढे सरकला तो त्यांचे पैसे कुठून भरले यावरून. मला विचाराल तर नंबरापेक्षा पैशाचा माग पक्का.

मला नेहमी विचारतात, ‘काका, आमचा सीडीआर कुणालाही मिळतो का?’ कायद्यानं नाही. पोलिसांतही अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मार्फतच मागणी जावी, असा दंडक आहे. पण २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी टोळी पकडली, त्यात खासगी गुप्तहेर होते. गिऱ्हाइकं कोण, तर आपल्यासारखीच माणसं. नवऱ्याचा बायकोवर संशय, बायकोचा नवऱ्यावर. ज्यांना असा तक्ता विकत मिळाला असेल, त्यांनी त्यातल्या रात्रीच्या कॉलवरून काय काय ताडलं असेल, देव जाणे. तक्त्यात बोललेलं काहीच नसतं ना. तेवढ्या जागेत माणूस आपल्या मनातलं भरतो.

कोर्टात मात्र असा कागद नुसता पुढे करून चालत नाही. त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ही माहिती अमुक यंत्रातून, यंत्र नीट चालू असताना काढली, असं जबाबदार माणसानं सही करून सांगायचं. हे प्रमाणपत्र लागतंच की नाही, हा घोळ सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये मिटवला, तो जालन्याच्या खटल्यात. २०१४ ची विधानसभा निवडणूक, फरक २९६ मतांचा, आणि भांडण काय, तर उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर. पुरावा म्हणून निवडणूक कचेरीतलंच व्हिडिओ चित्रण होतं. पुन्हा वेळच. मी निकालाची बातमी वाचून आमच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘बघा, घड्याळ आधी बघावं.’

एक काम मात्र आज घरी करून बघा. संचार साथी नावाचं सरकारी पोर्टल आहे. तिथे तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाला नऊपर्यंत चालतात. यादीत तुम्ही न घेतलेला नंबर दिसला तर तिथूनच कळवा, कारण त्या नंबरानं कुणी काही केलं तर माग तुमच्या दाराशी येणार आहे.

ते सर अजून आहेत. ऐंशीच्या पुढे असतील. रविवारी मंडईत भेटतात, मेथीची जुडी हातात घेऊन भाव करत असतात. मला ओळखतात ते टेलिफोनवाले म्हणून. परवा म्हणाले, ‘अहो, तुमचं ते मोडेम फार चांगलं होतं. कधी त्रास दिला नाही.’ मी हो म्हणालो आणि त्यांची पिशवी रिक्षापर्यंत धरली.