पाणी वर का चढलं?

विज्ञान प्रदर्शनात एक ज्वालामुखी हमखास असतो. मातीचा डोंगर, पोटात खायचा सोडा, वरून व्हिनेगर, लाल फेस, टाळ्या. डोंगर बाबांनी केलेला, रंग आईनं दिलेला, मुलाच्या वाट्याला पाठ केलेली चार वाक्यं. खऱ्या ज्वालामुखीचा सोड्याशी काही संबंध नाही, पण ते राहू दे. माझी तक्रार वेगळीच आहे. त्यात मुलानं काही बदलून बघावं, अशी जागाच ठेवलेली नसते.

त्यापेक्षा हळद बरी. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीचं पाणी लावून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि साबणाचं पाणी, सोडा, ताक, चिंचेचा कोळ अशा वाट्या मांडून द्या, आणि कृपा करून तिथून उठा.

आज मात्र मला मेणबत्तीपाशी थांबायचंय. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, विषय एकच : मेणबत्ती. आपण निदान दहा मिनिटं देऊ.

ताटलीत मेणबत्ती चिकटवा, भोवती पाणी ओता, दिसावं म्हणून शाईचे दोन थेंब टाका. मेणबत्ती पेटवून वर काचेचा पेला पालथा घाला. ज्योत विझते, पाणी आत चढतं. गाईडात उत्तर तयार असतं : ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, पाणीही जवळपास तेवढंच चढलं तर मग काय, सोन्याहून पिवळं!

आता जरा डोळे उघडे ठेवून बघा. पेला टेकवताना काठाशी बुडबुडे निघतात. ते कशाचे? आणि पाणी कधी चढतं? ऑक्सिजन तर ज्योत जळत असताना खर्च होतो, मग पाण्यानंही तेव्हाच हळूहळू चढायला हवं. पण त्याची खरी धाव ज्योत विझता विझता आणि त्यानंतर. आता त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावा. पाणी आणखी वर जातं. पेल्यातला ऑक्सिजन काही तिप्पट झाला नाही!

झालं असं, की ज्योतीनं हवा तापली, फुगली, थोडी काठाखालून निसटली. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं पाणी आत ढकललं. ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. जो जळला, त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आलेला असतो. हे उत्तर मुलांना आधी सांगू नका. तीन मेणबत्त्या पुरे आहेत. काडी मात्र मोठ्यांनीच ओढायची, आणि पेला लगेच उचलायचा नाही, तापलेला असतो.

आणि ऑक्सिजन खरोखरच काढून घेतला तर काय होतं, तेही दाखवता येतं. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी ओली करून पेल्याच्या तळाशी घट्ट दाबून बसवा, पेला पाण्यात पालथा घालून ठेवून द्या. गंज चढताना ऑक्सिजन लोखंडात अडकतो. पाणी सावकाश, तासन्‌तास चढत राहतं आणि पुरेसा गंज चढला तर पेल्याच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत येऊन थांबतं. घासणी स्टेनलेस स्टीलची नको. तिला गंजच चढत नाही, आणि मुलं दोन दिवस नुसती पाण्याकडे बघत बसतात.