फॉस्टसला सैतानाने फसवलं? कोणी सांगितलं?

नमस्कार मंडळी! मागून पत्र्यावर पावसाचा आवाज येतोय, तो सहन करा. वेंगुर्ल्यात जुलैमध्ये शांततेत शूटिंग करायचं तर देवाला गाऱ्हाणं घालावं लागेल.

दशावतारातल्या संकासुरावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच मागणी येतेय: फॉस्टसवर बोला. कारण सरळ आहे. संकासुर वेद चोरतो, फॉस्टसही पुस्तकांच्याच नादाने जातो.

गोष्ट पटकन. ख्रिस्तोफर मार्लो, इंग्रज नाटककार, 1564 चा जन्म, चांभाराचा मुलगा, 1593 मध्ये 29 व्या वर्षी खून. त्याचं नाटक 'डॉक्टर फॉस्टस'. जर्मनीतल्या विटेनबर्गचा विद्वान फॉस्टस सगळ्या विद्यांना कंटाळतो, जादूकडे वळतो, 24 वर्षांच्या सत्तेच्या बदल्यात आत्मा देतो. मुदत संपते, सैतान येऊन नेतो. झालं.

आता माझं डोकं कशाने फिरतं ते सांगतो. दर चार कमेंटमागे एक असते, "बिचाऱ्याला सैतानाने फसवलं". अरे, कुठे फसवलं? फॉस्टस वर्तुळ काढतो, लॅटिन मंत्र म्हणतो, मेफिस्टोफिलिस नावाचा सैतानाचा दूत हजर होतो. हा खूश, माझ्या मंत्रात काय ताकद! आणि मेफिस्टोफिलिस तोंडावर सांगतो की मंत्र हे नुसतं निमित्त. कोणी देवाला शिव्या घालताना ऐकलं की आम्ही आपणहून धावत येतो. म्हणजे ज्या जादूच्या जिवावर हा सम्राट व्हायला निघालाय, ती चालतच नाही, हे पहिल्याच भेटीत कळलं. ऐकलं का त्याने? नाही.

बरं, करार कोणी सुचवला? मेफिस्टोफिलिसने नाही. "24 वर्षं दे, आत्मा घे" हा प्रस्ताव फॉस्टसचा. दुकानदाराने किंमत सांगायच्या आधीच याने खिसा उलटा केला. वर विचारतो, तू नरकातून बाहेर कसा आलास? तो म्हणतो, हाच नरक आहे, मी त्याच्या बाहेर नाहीच. विकणारा स्वतःच सांगतोय, माल वाईट आहे! घराचा व्यवहार करताना आम्हाला एका एजंटने पाण्याबद्दल एवढंही खरं सांगितलं नव्हतं. विहीर मार्चमध्येच आटली. असो.

सही करताना हातातलं रक्त गोठतं. मेफिस्टोफिलिस निखारे आणतो, रक्त पातळ होतं, सही होते. लगेच दंडावर अक्षरं उमटतात, "मनुष्या, पळ". याला वाटतं डोळ्यांना भास होतोय.

एक दादा लिहितात, "पण त्याला माफी मिळणारच नव्हती". दादा, तुम्ही फॉस्टससारखंच वाचलंत! सुरुवातीला तो बायबल उघडतो, पापाचं वेतन मरण, एवढं वाचतो आणि मिटतो. त्याच वाक्यात पुढे देवाची देणगी म्हणजे अनंतकाळचं जीवन, असं आहे. अर्धं वाक्य! (अर्धा व्हिडिओ बघून कमेंट करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी नाही. असं समजा.)

ही गोष्ट मी आजीला सांगितली, मे महिन्यात. ती रातांबे फोडत होती, कोपरापर्यंत हात लाल, बिया एकीकडे, सालं सुपात. तिने मान वर न करता निकाल दिला, "तेका कोणी फसवूक नाय. तोच गेलो." मग विचारलं, "आणि तेना मागल्यान काय?"

हा प्रश्न मोठमोठ्या समीक्षकांचा आहे, आणि उत्तर लाजिरवाणं आहे. आधी बायको मागितली, मिळाली नाही. जग कोणी निर्माण केलं विचारलं, मेफिस्टोफिलिसने सांगायचं नाकारलं. मग सगळं जग मुठीत घ्यायला निघालेला हा माणूस रोममध्ये अदृश्य होऊन पोपच्या ताटातलं पळवतो, त्याच्या कानफटात मारतो. एका सरदाराच्या डोक्यावर शिंगं उगवतो. घोडा विकतो, तो पाण्यात गेला की गवताचा भारा होतो. हे तर जत्रेतल्या गारुड्याचे खेळ झाले! बादशहाच्या दरबारात तो करमणुकीला उभा आहे. सत्ता याची कुठे? नोकरीच की ती.

आणि द्राक्षं. ऐन जानेवारीत एका गरोदर डचेसला द्राक्षांचे डोहाळे लागतात, हा क्षणात हजर करतो. ड्यूक चकित होतो, तेव्हा फॉस्टस भूगोल समजावतो. आपल्याकडे थंडी असते तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या भागात उन्हाळा असतो, जसं भारत, सबा (अरबस्तानातला प्राचीन देश) आणि पूर्वेकडचे देश. तिथून एका चपळ भुताकरवी मागवली.

भारताचं नाव ऐकून आजीचे हात थांबले. "म्हंजे नाशकातसून हाडल्यान?"

मी म्हटलं, तसंच समज.

"गोड होती?"

होती. डचेस म्हणते, जन्मात इतकी चांगली द्राक्षं खाल्ली नव्हती.