गाळलेला परिच्छेद

नमस्कार, श्रोतेहो.

रहस्यकथा म्हटली की खून आला. तो किती दाखवायचा, हा खरा पेच. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तिथून घरी आणलेलं एकच पुस्तक आजोबा वाचतात, सूनबाई वाचते, नववीतली नातही वाचते. तिघांची सोसण्याची ताकद निराळी. ज्याला सोसत नाही, तो पुस्तक मिटतोच असं नाही. बऱ्याचदा तो गुपचूप परिच्छेद गाळतो. लेखकाची फजिती होते ती इथे, कारण नेमका धागा त्याच रक्ताच्या थारोळ्यात ठेवलेला असतो. शेवटी उलगडा झाला की वाचकाला वाटतं, आपल्याला फसवलं.

समजा, पंचवटीतल्या जुन्या वाड्यात एक माणूस पालथा पडलाय, पाठीत सुरा. त्या सुऱ्यावर पानभर लिहिता येईल. पण धागा आहे पाठीवरच्या जांभळट डागांत. हृदय थांबलं की रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरतं आणि साधारण ६ ते १२ तासांत हे डाग पक्के होतात. मग प्रेत उलटवलं तरी ते जागा सोडत नाहीत. म्हणजे हा माणूस मेल्यावर कित्येक तास उताणा होता. मग पाठीत सुरा खुपसला कधी, आणि तो मेला कशाने? इथे रक्ताचा एक थेंबही लागला नाही. सावळ्या अंगावर डाग पुसट दिसतात, तेव्हा तपास अधिकाऱ्याला आधी खिडकी उघडायला लावा.

भाषा पंचनाम्याची ठेवा: डोकं कोणत्या दिशेला, जखम कुठे, लांबी किती सेंटिमीटर. ते कोरडं वर्णन बहुतेकांना पचतं. असह्य होतो तो लांबवलेला वेळ, मरणाऱ्याचं विव्हळणं. (आणि कुत्र्याला हात लावू नका. दहा माणसं मेलेली चालतात, कुत्रं चालत नाही!)

मग दोन-चार पानांनी तोच धागा पुन्हा टाका. चहाचा कप खाली ठेवत हवालदार विचारतो, "साहेब, पालथ्या माणसाच्या पाठीवर डाग कसे?" एवढं पुरतं.

हस्तलिखित छापायला देण्याआधी खुनाचा परिच्छेद काढून ते एखाद्याला वाचायला द्या. त्याला शेवट कळला नाही, तर हवालदाराचं वाक्य लिहायचं राहिलंय.